बसून झोपणाऱ्यांची बाजू

प्रवासात गळ्याभोवती घालायच्या उशीबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं तुच्छता होती. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. नुसती नापसंती असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण विमानतळावर किंवा रात्रीच्या बसच्या थांब्यावर कुणी ती इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची उशी गळ्यात अडकवून उभं दिसलं, की मला त्या माणसाबद्दलच कमी वाटायचं. एका रात्रीचा प्रवास, त्याला एवढे चोचले कशाला? दमलेल्या माणसाला झोप लागते, उशी लागत नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

ती समजूत घरातून आली. माझे वडील, आमचे अण्णा, एसटीत वाहक होते. नोकरीचा मोठा काळ त्यांनी रातराणीवर काढला. सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे, चहा घ्यायचे आणि बाजारहाट करून मगच आडवे व्हायचे. रात्री झोप झाली का, असं आईने विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "झाली की. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा." म्हण सगळ्यांनाच ठाऊक असते. आमच्याकडे ती घराचा नियम म्हणून वापरली जायची. पाहुण्यांकडे उशी पुरली नाही, गाडीत जागा मिळाली नाही, परीक्षेच्या दिवसांत डास चावले, सगळ्यावर तेच. मी ती म्हण अभिमानाने उचलली आणि तिच्यामागे एक निवाडा दडलेला आहे हे कधी तपासलं नाही. ज्याला झोपायला काहीतरी लागतं तो नाजूक, आणि नाजूक म्हणजे उणा.

पुढे मी वस्तूंची रचना करण्याच्या व्यवसायात आले. डबे, स्टुलं, दवाखान्यात लागणारं किरकोळ सामान. एकदा एक उत्पादक प्रवासी उशीचं काम घेऊन आले. आकार बाजारात रूढ आहेच, आपण फक्त चांगली करायची, असं त्यांचं म्हणणं. मला ते सोयीचं वाटलं. मी कापड निवडलं, शिवण आतल्या बाजूला घेतली, कव्हर धुता यावं म्हणून झिप दिली, मागच्या बाजूचा फोम जाड आणि भरपूर मऊ ठेवला. उशी दिसायला छान झाली आणि बऱ्यापैकी विकलीही गेली. ती गळ्यात घालून मी एक रात्रही बसून काढली नाही. खुर्ची करताना मी तिच्यावर तासन्‌तास बसते, डबा करताना त्यात आमटी भरून तो आडवा करून बघते. या उशीला ती साधी शिस्तही मी लावली नाही, कारण ती वापरणाऱ्यांना मी मनातून गंभीर मानतच नव्हते. ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांच्याबद्दल आदर नसला की काम कसं होतं, त्याचा तो नमुना होता.

मग अण्णांचं हृदय थकलं. आडवं झालं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं होताच छातीकडे परततं, अशक्त हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात दाटतं. औषधं लागू पडेपर्यंत झोप बसूनच घ्यायची. घरात लाकडी हातांची, सरळ पाठीची आरामखुर्ची होती. ती भिंतीशी लावली, मागे लोड ठेवला. आणि कपाटातून मी माझी उशी काढून आणली, मीच केलेली.

अण्णांनी ती घालून घेतली. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचं डोकं पुढे आलं, हनुवटी छातीवर टेकली, श्वास घरघरला आणि ते दचकून जागे झाले. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी उशी काढून मांडीवर ठेवली आणि काही न बोलता नुसते बसून राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर झोपेची तक्रार केली नाही तो पेंगत होता, गचके खात होता आणि लाजल्यासारखा माझ्याकडे बघत होता. त्या लाजण्याचं मला फार वाईट वाटलं. घराचा नियम त्यांना आता पाळता येत नव्हता, आणि तो नियम मीच त्यांच्यापेक्षा कडकपणे पाळत आले होते.

मी खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांचं डोकं डावीकडे कलायला लागलं तेव्हा मी सहज हात पुढे केला. तळवा गालाखाली, बोटं कानामागे, आणि तळव्याचा पाया नेमका जबड्याच्या कोपऱ्याशी, कानाच्या पाळीखाली जिथे हाड वळतं तिथे. डोकं टेकलं आणि थांबलं. मला वाटलं होतं भार येईल. आला नाही. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, पण हात सहज पेलेल एवढाच. त्यांचा श्वास लांबला. खांदे खाली आले. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी सुटलेली मी पाहिली.

हात अवघडल्यावर मी एक गोष्ट केली, तिने माझं डोकं ताळ्यावर आलं. हात बदलायचा म्हणून मी तळवा मानेच्या मागे नेला, जिथे माझ्या उशीचा सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ भाग होता, जिथे आधार द्यायचा असं मी न तपासता धरलं होतं. त्याच क्षणी हनुवटी खाली गेली. मागून दिलेला आधार डोकं पुढे ढकलत होता. तळवा पुन्हा जबड्याच्या कोपऱ्याशी आणला, डोकं स्थिर. मागे नेला, पडलं. त्यांची झोप मोडेल म्हणून मी जास्त वेळा करून पाहिलं नाही, गरजही नव्हती. मी लोकांना पैसे घेऊन उलटी वस्तू दिली होती. पुढे मोकळी आणि मागे जाड, म्हणजे डोकं जिकडे पडतं तिकडे काहीच नाही आणि जिकडे पडत नाही तिकडे गादी.

त्या रात्री अंधारात बसून मी जो विचार केला तो खरं तर कामाच्या पहिल्या दिवशी करायला हवा होता. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. मानेच्या सात मणक्यांवर ते तोललेलं असतं, पण बरोबर मधोमध नाही. कवटी जिथे मणक्यावर टेकते त्या सांध्याच्या किंचित पुढे डोक्याचा गुरुत्वमध्य पडतो. म्हणून जागेपणी मानेमागचे स्नायू सतत थोडे ओढून धरलेले असतात. झोप लागू लागली की ते सैल सुटतात आणि डोकं पुढे किंवा बाजूला जातं. घोड्याच्या पायांत सांधे अडकवून ठेवण्याची सोय असते, म्हणून त्याला उभ्याने डुलकी घेता येते. माणसाच्या मानेत तसं काही नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत तर शरीराचे बहुतेक स्नायू पुरते सैल झालेले असतात. तिथपर्यंत पोचायचं तर डोक्याला कुणीतरी धरलेलंच असावं लागतं.

आणि धरायचं तर लवकर धरायचं. हा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे, पण मी तो कधी मांडला नव्हता. पाच किलोचं डोकं पंधरा अंशांत कललं असताना बाजूला ओढणारा भार सव्वा किलोच्या आसपास असतो. तेच डोकं पंचेचाळीस अंशांत गेलं की भार साडेतीन किलोच्या वर जातो. माझ्या तळव्यावर ओझं आलं नाही याचं कारण हे होतं. मी डोकं कलायच्या सुरुवातीलाच धरलं होतं. मऊ उशी याच्या नेमकं उलट वागते. ती आधी दबते, दबत राहते, डोकं बरंच खाली गेल्यावर कुठेतरी तिचा तळ लागतो, आणि तोवर मान ताणलेली असते. सकाळी मान धरते ती यामुळे. मऊपणा म्हणजे आराम, हे मी ग्राहकाला सांगत आले होते आणि स्वतःही मानत होते.

मेमरी फोमची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. चार्ल्स योस्ट यांनी १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना तो तयार केला, विमानाच्या आसनात आदळआपट शोषली जावी म्हणून. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि दाबाखाली हळूहळू बसतो. पाठीखाली हा गुण उत्तम. जबड्याखाली नुसता तोच भरला तर डोकं हळूहळू, पण खालीच जातं. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात तो गळ्याशी तापतो, घाम धरतो. धक्का शोषणं आणि भार पेलणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी एकासाठी केलेली वस्तू दुसऱ्यासाठी विकली. उलट इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ साली सापडलं, मानेसाठी खोबण असलेली हस्तिदंती उशी मिळाली, संपूर्ण कठीण. ती आडवं होऊन वापरायची होती, बसून नव्हे. पण आधार योग्य जागी मिळाला तर शरीर कठीणपणा सोसतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्याच सामानातून आधार केला. अण्णांच्या जुन्या एक्सरेच्या फिल्मा होत्या. तीन-चार एकावर एक ठेवून बाकदार वाकवल्या, कडांना चिकटपट्टी लावली. सपाट फिल्म हातात लोंबते, पण वळवली की उभ्या दाबाला चांगली ताठ राहते. तिची खालची कड खांद्यावर आणि गळ्याच्या हाडावर टेकेल, वरची जबड्याच्या कोपऱ्याखाली येईल, इतकी उंची कापली. दोन्ही कडांना जुन्या पंचाची घट्ट गुंडाळी शिवली. हे सगळं एका मफलरच्या घडीत घातलं आणि मफलर सैलसर गुंडाळला. गळ्याची पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवली. तिथे श्वासनलिका आहे, दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, तिथे काहीही दाबायचं नाही. आधार एकाच बाजूला. माणूस कोणत्या बाजूला कलतो ते आधी बघायचं आणि तिथेच द्यायचा.

स्कॉटलंडमधल्या दोन अभियंत्यांनी काढलेली 'टर्टल' नावाची उशी साधारण याच विचारावर उभी आहे. मऊ फ्लीसच्या मफलरमध्ये दडवलेला ताठ सांगाडा, एका बाजूचा. ती मी पूर्वी पाहिली होती आणि दिखाऊ खेळणं म्हणून बाजूला सारली होती. ज्या प्रश्नाला मी प्रश्नच मानत नव्हते त्याचं चांगलं उत्तर समोर असूनही मला दिसलं नाही.

अण्णांना त्या मफलरमध्ये झोप लागली. सलग नव्हे, पण तुकड्यांचे तुकडे मोठे झाले. तरी काहीतरी कमी पडत होतं. मध्येच ते खांदे उचलून सावरायचे. कारण हातांत सापडलं. माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे दोन्ही हात मिळून सहाएक किलो. ते लोंबत राहिले की खांदे ओढले जातात, खांद्यांबरोबर मान. मांडीवर एक घट्ट लोड ठेवून त्यावर कोपरं टेकवली तेव्हा ते सावरणं थांबलं. सज्जनगडावर समर्थांची म्हणून कुबडी दाखवतात, ती मी लहानपणी पाहिली होती. तासन्‌तास ताठ बसणाऱ्या साधकाने हात टेकवायची ती वस्तू. त्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. बसणं ही मेहनत आहे आणि तिला आधार लागतो, यात त्यांना उणेपणा वाटला नाही.

औषधं लागू पडली, पायांची सूज उतरली आणि अण्णा पुन्हा खाटेवर गेले, पाठीमागे तीन उशा लावून. तेव्हा एका दुपारी मी त्यांना विचारलं, "अण्णा, रातराणीत तुम्ही झोपायचात कसे?"

ते म्हणाले, "झोपायचो कुठे गं? दोन थांब्यांमध्ये डोळा लागायचा तेवढाच. स्वेटरची घडी करायचो, खिडकीचा गज आणि गाल यांच्या मध्ये कोंबायचो. ती सरकू नये म्हणून तिकिटांची पेटी छातीशी धरायची, त्यावर हात. नाहीतर मान जायची."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खाकी स्वेटरची घडी, गालाच्या बाजूला. पेटीवर टेकलेले हात. जे मी हिशेब मांडून, फिल्मा कापून पुन्हा शोधलं ते या माणसाने नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच शोधलं होतं. धोंड्यावर ते कधीच झोपले नव्हते. "मग म्हण का सांगायचात?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आईला काळजी नको म्हणून."

तेव्हापासून मी बसून झोपलेली माणसं नीट बघायला लागले, आणि जवळजवळ प्रत्येकाने स्वतःची काही ना काही सोय केलेली आहे हे लक्षात आलं. रात्रीच्या गाडीत पुढच्या बाकाच्या दांडीवर हातांची घडी आणि तीवर कपाळ. जनरलच्या डब्यात खिडकीच्या गजाला बांधलेली ओढणी आणि तिच्या झोळीत विसावलेला गाल. गळ्याभोवती गुंडाळलेला टॉवेल, गाठ पुढे हनुवटीखाली येईल असा, म्हणजे जिथे बाजारातली उशी उघडी असते तिथे भर. यातलं प्रत्येक रूप मी आयुष्यभर पाहत आले होते. त्याला मी रचना म्हटलं नाही, कारण ती गरिबाघरची होती, आणि विकत घेतलेल्या उशीला मान दिला नाही, कारण ती चोचल्याची वाटली. दोन्हीकडे माझा अहंकारच होता.

सगळ्यात जास्त बसून झोपतात ती रुग्णालयांतली माणसं. रुग्ण नव्हे, त्यांच्यासोबत आलेली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी खुर्च्यांची पाठ खांद्यांच्याही खाली संपते. डोकं टेकायला भिंत मिळाली तर नशीब. आई आत असलेला मुलगा, नवरा आत असलेली बाई, रात्रभर गचके खात बसलेली असतात आणि सकाळी डॉक्टर जे सांगतात ते त्यांना त्याच डोक्याने समजून घ्यायचं असतं, कागदांवर सह्या करायच्या असतात. प्रवासी उशी हा चोचला आहे असं मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणू शकले असते का?

उशीने सगळं होतं असं मात्र मी सांगणार नाही. ब्रिटनमधल्या निकल्सन आणि स्टोन या संशोधकांनी १९८७ साली आसनाच्या पाठीचा कोन आणि झोप यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ उभ्या रेषेपासून चाळीसएक अंश मागे कलली तर झोप खाटेवरच्या झोपेच्या जवळ जाते, ताठ पाठीत ती तुटक राहते. विमानाच्या स्वस्त वर्गातली किंवा साध्या बसची पाठ तेवढी कलत नाही. म्हणजे खरी दुरुस्ती आसनात आहे, उशी ही त्यातल्या त्यात केलेली सोय आहे. लांबच्या प्रवासात पाय लोंबते आणि निश्चल राहिले तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यावर मानेची कोणतीही उशी काही करत नाही. अधूनमधून उठून चालणंच बरं. आणि अण्णांसारखा ज्यांना आडवं होताच श्वास लागतो त्यांनी उशी शोधण्याआधी डॉक्टर गाठावा.

त्या उत्पादकांना मी जाऊन सांगितलं की आपली उशी चुकीची आहे. ते विचारात पडले, कारण तिची मागणी चांगली होती. मागची जाडी कमी करायला, बाजूंना ताठ गाभा घालायला आणि पुढे बंद देऊन तो हनुवटीखाली आणता येईल असं करायला ते तयार झाले. आता प्रत्येक नमुना मी गळ्यात घालून रात्रभर ताठ खुर्चीत बसते. त्यातले काही अजूनही मानेला त्रास देतात.

तुम्ही अशी उशी घ्यायला जाल तेव्हा तिचा मऊपणा हाताने दाबून बघू नका. दुकानात खुर्ची मागा, ती घालून बसा, डोळे मिटा आणि मान खरोखर सैल सोडा. डोकं कुठपर्यंत खाली जातं तेवढंच बघा. फार खाली गेलं तर ती परत ठेवा. घरी मोठा टॉवेल असेल तर घट्ट गुंडाळी करून, गाठ हनुवटीखाली आणून आधी तो वापरून पाहा. आणि रुग्णालयांचे विश्वस्त, वास्तुरचनाकार किंवा खुर्च्या खरेदी करणारे कुणी हे वाचत असतील तर माझी त्यांना विनंती आहे. नातेवाइकांसाठी पुढच्या वेळी खुर्च्या घ्याल तेव्हा पाठ डोक्यापर्यंत उंच आणि थोडी मागे कललेली असू द्या, दोन्ही बाजूंना कोपर टेकेल असे हात असू द्या.